रिकाम्या पिंजऱ्यातले ससे

आमच्या घरात एक नियम आहे. पोरीच्या हाताला जनावर लावू नये. पोरगी नांदायला जाते आणि जनावर मागं झुरतं. हा नियम कुणी केला, कधी केला, ते विचारायचं नाही. मी नऊ वर्षांची असताना एकदा विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "का म्हणून इचारायचं न्हाय." आप्पा म्हणजे माझे वडील. सगळं जळकोट त्यांना आप्पा म्हणतं, म्हणून मीही.

आता मी बी.एस्सी. झालेय आणि आमच्याच पत्र्याच्या शेडमध्ये डेअरी चालवते. डेअरी म्हणजे दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ फॅटच्या मशीनपाशी बसायचं. दूध घालून माणूस सरळ घरी जाईल तर शपथ! समोरच्या कट्ट्यावर बैठक बसते. मंत्रिमंडळापासून म्हशीच्या माजापर्यंत सगळे निकाल तिथंच लागतात. मी कॅनची झाकणं लावेपर्यंत दोन किस्से तयार झालेले असतात. बहुतेक मी विसरून जाते. पण यंदाचे, तनूच्या सशांचे, काही केल्या विसरता येईनात.

तनू म्हणजे माझ्या दादाची मुलगी. वय दहा.

*

तनूच्या शाळेतल्या बाईंची बदली झाली. दुसऱ्या जिल्ह्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. त्यांच्याकडं दोन पांढरे ससे. बाई वर्गात म्हणाल्या, "नीट सांभाळणार असेल त्याला देईन. महिनाअखेर निघायचंय." अख्ख्या वर्गानं हात वर केले. तनूनं केला नाही. ती घरी आली, दप्तर ठेवलं आणि थेट कट्ट्यापुढं उभी राहिली.

"हात का न्हाय केलास मग?" मी विचारलं.

"घरी इचारल्याबिगर कसा करू?"

आप्पांनी उलटतपासणी सुरू केली. "ससा दूध देतो का?"

"न्हाय."

"राखण करतो?"

"न्हाय."

"मग करतो काय?"

"ऐकतो," तनू म्हणाली. "आपण बोलायलो की मधी बोलत न्हाय."

"अगं, पण..." दत्तूकाकांनी तोंड उघडलं.

"बघा!" तनू म्हणाली.

*

दत्तूकाका माझे चुलते. शाळेत शिपाई होते, आता रिटायर. तीस वर्षं घंटा वाजवल्यामुळं कधी काय संपवायचं हे आपल्यालाच कळतं, असा त्यांचा समज आहे. त्यांनी आयडिया काढली.

"आधी रिकामा पिंजरा सांभाळून दाखव. पंधरा दिवस. आत ससे हायत असं समजून रोज चारा, पाणी, झाडलोट. एक दिवस चुकलीस की इषय संपला."

कट्टा खदाखदा हसला. पोरांची जिरवायची ही आमच्या मोठ्यांची जुनी तऱ्हा. मी भडकले. "काका, तुम्ही आधी रिकाम्या ताटावर पंधरा दिवस जेवून दाखवा!"

"आत्या, थांब," तनू म्हणाली. तिनं कोपऱ्यातलं कोंबड्यांचं जुनं खुराडं ओढून काढलं, पत्र्याखाली सावलीत ठेवलं आणि काकांकडं वळली. "पाणी दिवसातनं किती बार बदलायचं?"

काका आप्पांकडं बघायला लागले. आप्पा रस्त्याकडं.

"बरं," तनू म्हणाली, "मी इचारून येते."

*

ती विचारायला गेली जनावरांच्या दवाखान्यात. मी सोबत होते, पण बोलायचं नाही अशी मला ताकीद होती. तिच्या पुढं एक खोंड, मागं एक लंगडणारी म्हैस. मधे तनू, हातात वही.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "जनावर कुठंय?"

"अजून यायचंय."

"मग आजारी कोण आहे?"

"कुणीच न्हाय. पडू नये म्हणून आलेय."

वहीत एकवीस प्रश्न होते. कान धरून उचललं तर दुखतं का? (दुखतं. तसं कधीच उचलायचं नाही.) भाकरी चालते का? (नको. गवतच मुख्य.) दात वाढतात ते कोण कापतं? (गवत चावून चावून आपोआप झिजतात.) दोन्ही माद्याच आहेत हे तिनं बाईंना आधीच विचारून ठेवलं होतं, आणि पंधरा दिवस ससे दुसऱ्या कुणाला देऊ नका असंही सांगून ठेवलं होतं. उन्हाळ्याचा प्रश्न तर दोनदा अधोरेखित केलेला. म्हैसवाल्यानं मागून घाई केली, तेव्हा डॉक्टर त्याला म्हणाले, "थांबा हो जरा! एवढी नोकरी झाली माझी. जनावर आजारी पडायच्या आधी आलेला हा पहिला माणूस आहे."

*

चौथ्या दिवशी सकाळी मी दुधाची मापं काढत होते. बघते तर खुराड्याभोवती गोल राख पसरलेली. तनू गुडघ्यावर बसून तिच्यात काहीतरी वाचत होती.

"मांजर आलतं," ती म्हणाली. "ह्या बाजूनं आलं, हितं बसलं, खालच्या फटीत पंजा घातला. सशे असते तर एक गेलाच असता."

मी सायन्सची पोरगी. मला हे सुचलं नसतं.

दुपारपर्यंत तिनं दादाच्या मागं लागून खालून जाळी ठोकून घेतली. मग उन्हाळ्याची सोय म्हणून एक फुटका माठ आत आडवा ठेवला आणि त्यावर ओलं पोतं. मी हात घालून बघितला. बाहेर पत्रा तापलेला आणि माठात गार!

त्याच दिवशी तिचा धाकटा भाऊ ओम, वय वर्षं चार, खेळता खेळता चेंडू खुराड्यात टाकून बसला. तनू ओरडली, "काढ तो! त्यांच्या अंगावर पडला."

ओमनं आत वाकून बघितलं. आत गवत आणि माठ. तो हळूच म्हणाला, "लई लागलं का?"

*

बिरूतात्या मेंढरं राखतात. कट्ट्यावर बसतात, पण दिवसाला चार शब्दांच्या वर जात नाहीत. एके दिवशी ते घोंगडीत कालच जन्मलेलं कोकरू घेऊन आले आणि तनूपुढं धरलं. "घे."

कुठलंही पोर झडप घालून घेईल. तनू आधी खाली बसली. मांडी घातली, फ्रॉक पसरला आणि मग म्हणाली, "आता द्या. उभ्यानं घेतलं आन् सुटलं तर?"

तात्यांनी कोकरू मांडीत ठेवलं. मग आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले. "पोरी, जनावर हाय ते. मेलं तर काय करशील?"

हे विचारायचं असतं का लहान पोरीला? मी मशीन सोडून उठलेच होते.

तनूनं कोकराच्या कानामागं बोट फिरवलं. "रडीन," ती म्हणाली. "पण आधी दुसरीला चारा घालीन. ती उपाशी असंल ना."

तात्यांनी डोईचा पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला.

*

अकराव्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस आला. तनू शाळेत. आभाळ येडशीच्या अंगानं काळंकुट्ट झालं आणि पाच मिनिटांत बोरांएवढ्या गारा! मी कॅन आत ओढत होते. म्हशी गोठ्यात होत्या, कडबा झाकलेला होता. अंगणात पळत होते ते आप्पा. डोक्यावर पाटी, हातात ताडपत्री. पासष्ट वर्षांचा माणूस गारा खात खात खुराड्यापाशी गेला, ताडपत्री टाकली आणि चारी टोकांना दगड लावले.

आत आले तेव्हा चिंब भिजलेले. आई टॉवेल घेऊन दारात उभी. "अवं, आत कोण हाय त्यात?"

आप्पा थांबले. खुराड्याकडं बघितलं, आईकडं बघितलं.

"कुणी न्हाय," म्हणाले. "पण गवत कोरडं लागतंय त्यांला!"

*

मधे माझाही एक किस्सा सांगून टाकते, फार लांबवत नाही. मी नऊ वर्षांची असताना एक पाट माझ्या मागं मागं फिरायची. पाट म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी. मी तिचं नाव चांदी ठेवलं होतं. आप्पांनी ती माझ्या चुलतभावाच्या, बाळूच्या नावानं लावली. "शेळी बाळूची, चारा तू टाकायचा." मी मान हलवली. तीन वर्षं चारा टाकला. मग एक दिवस बाळूला सायकल हवी होती. शाळेतून आले तर खुंट्याला नुसतं दावं.

आणि आता येत्या रविवारी माकणीचे पाहुणे मला बघायला यायचेत. म्हणजे नियम आपला बरोबर चाललाय.

*

पंधराव्या दिवशी संध्याकाळी कट्टा भरला होता. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होत्या. दत्तूकाकांनी घसा साफ केला. "एक दिवस चुकली न्हाय. पास!"

बिरूतात्यांनी मान हलवली. तनूनं जागच्या जागी दोन उड्या मारल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती दहा वर्षांची दिसली.

"थांब," आप्पा म्हणाले. "ससा किती वर्सं जगतो गं?"

"डाक्टर म्हणले, नीट ठिवला तर आठ-धा."

आप्पांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. "तू आता धाची. अठरा... एकुणीस... ईस. तवा तू कुठं असशील?"

"हितंच," तनू म्हणाली.

कट्टा हसला. वाईट नाही, मायेनंच हसला. चहा घेऊन आलेली आईसुद्धा हसली. "हितंच कशी असशील बाई? सासरी जायचं न्हाय व्हय?"

तनूनं माझ्याकडं बघितलं. प्रश्न वहीत नव्हता.

"आपल्यात पोरीच्या हाताला जनावर लावत न्हाईत," आप्पा म्हणाले. आवाज मऊ होता, तेच जास्त लागलं. "पण पोरीनं कष्ट केल्यात. मग असं करू. ससे ओमच्या नावानं आणू. बघायचं तनूनं. ती गेली की ओम हायच." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सकाळी तू गाडीवर जा आन् घिऊन ये."

ओम खुराड्याच्या दारातून डोकं घालून माठाला हाका मारत होता. तनूची मान हलायला लागली होती. खाली-वर. ती मान मी ओळखली.

"न्हाय," मी म्हणाले.

"काय न्हाय?"

"ओमच्या नावानं मी आणणार न्हाय. ससे तनूचे. ते धा वर्सं जगले तर धा वर्सं तनू हितंच राहील. अकरा जगले तर अकरा. तिला न्यायला कुणी आधी आलं तर त्याला मी दारातनं परत लावीन."

"येडी झालीस का?" आई म्हणाली. "आन् रविवारी तुला बघायला येणारे?"

"त्यांला चहा पाज. मी सशांकडं असंन."

दत्तूकाकांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आप्पांचा अंगठा पेरावरच थांबला. चहाच्या कपांवर साय धरायला लागली, पण कुणी कप उचलेना. हायवेवरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज पार विरेपर्यंत ऐकू येत होता.

तनू माझ्याजवळ सरकली आणि माझी ओढणी ओढून कानात म्हणाली,

"आत्या, मधी कुणी बोलंना. ऐकायलेत."