सरकारी बाकडं

परभणी वाढते आहे असं तुम्ही अभिमानानं सांगता. ती कुणाला सडकेवर टाकून वाढते, हे मोटारीतून कधी मागं वळून पाहिलंत का?

मी पाहिलं आहे. तेव्हा मी परभणीच्या शाळेत होतो आणि जिंतूरकडच्या आमच्या गावाहून उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं जात असे. मोटारीचं पुढचं बाकडं सरकारी अंमलदारांसाठी राखलेलं असे, त्यावर पांढरी चादर अंथरलेली. साहेब कुठल्याही फाट्यावर उभे असतील, म्हणून भर गर्दीतही ते रिकामंच धावायचं.

झरीच्या अलीकडे एका शेतकऱ्यानं हात केला. सोबत बायको, दोन दिवसांपासून अडलेली. सुईणीनं हात टेकले होते. दवाखाना परभणीत, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मोटार खचाखच भरलेली. रिकामं बाकडं दिसताच त्यानं भाबडेपणानं तिला त्यावर निजवलं आणि तिकिटाचे पैसे पुढे केले.

ड्रायव्हरनं तिला उतरवायला लावलं. चादर खराब झाली तर माझी नोकरी जाईल, म्हणाला. शेतकरी त्याच्या पाया पडला.

"मालक, सायेब आले की आमी उतरतो. लय हाल हायेत तिचे."

"पोटातल्या पोराला सांग, उद्याच्या मोटारीनं ये," मागून एक कापसाचा अडत्या म्हणाला. अख्खी मोटार हसली.

मी हसलो नाही, पण उठलोही नाही. पिशवीत माणसाच्या हक्कांवरची, सरकारनं बंदी घातलेली पत्रकं होती. तंटा झाला, पोलीस आले, तर सापडतील, या भीतीनं ती पिशवी मी मांडीवर घट्ट धरून बसलो. बाई आता कण्हतही नव्हती. दोघांना धुळीत सोडून आम्ही निघालो. वाटेत एकही साहेब चढला नाही. परभणीत ड्रायव्हरनं चादर झटकून तिची घडी घातली.

चौथ्या दिवशी परतताना तोच माणूस त्याच सडकेवर वेठीला लावलेला दिसला. मुरूम पसरत होता. मोटार हळू झाली तेव्हा मी खिडकीतून बायकोचं विचारलं. त्यानं डोक्यावरची पाटी खाली ठेवली नाही.

"बैलगाडीतच दोघंबी गेली. जावा म्होरं, मला मुरूम टाकायचाय."

भोंगा वाजताच बाजूला होऊन त्यानं मोटारीला सलाम केला.

वाचकहो, ते बाकडं आजही तसंच रिकामं धावतं. पुढच्या खेपेला ती चादर काढून फेका आणि अडलेल्या माणसाला त्या बाकड्यावर बसवा. ड्रायव्हरनं त्याला उतरवलं, तर त्याच्याबरोबर तुम्ही सगळे उतरा. एकट्यानं नको, सगळ्यांनी. रिकामी मोटार कुठलाच मालक फार दिवस चालवत नाही.