बाईंनी भरलेल्या प्रश्नावल्या

सदाशिव पेठेतल्या ज्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयात मी शिकवते, तिथे संशोधन पद्धतीचा तास दुपारच्या जेवणानंतर असतो. अर्धा वर्ग पेंगत असतो आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग येत नाही. नमुना निवड, विश्वसनीयता, सप्रमाणता हे शब्द मी इतकी वर्षं उच्चारते आहे की ते फळ्यावर लिहिताना घरी भाजी कुठली करायची हेही मनात ठरत असतं.

माझी पीएच.डी. शिक्षकांच्या कामातल्या समाधानावर होती. त्यासाठी मी एक प्रश्नावली तयार केली होती. चाळीस विधानं, आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकटी. त्यातल्या एकीत शिक्षकाने खूण करायची. पदवी मिळाली, आणि पुढे ती प्रश्नावली ‘प्रमाणित साधन’ म्हणून चालू लागली. लांबलांबचे विद्यार्थी पत्र पाठवून ती वापरायची परवानगी मागायचे. मी लगेच देत असे. आपण केलेलं काहीतरी लोकांच्या उपयोगी पडतंय, या कल्पनेवर मी बरीच वर्षं खूश होते.

पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे पीएच.डी.साठी एक विद्यार्थिनी आली. मूळची चंद्रपूरकडची, इथे एका खासगी शाळेत शिकवणारी, पेठेतच एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहणारी. शाळा सुटली की तशीच थेट माझ्याकडे यायची, बोटांना खडू लागलेला असायचा. तिनेही माझीच प्रश्नावली वापरायची असं ठरलं. ठरलं म्हणजे मीच ठरवलं.

एके दिवशी तिने भरून आलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

“मॅडम, हे लोणी काळभोरच्या शाळेतले. सतरावं विधान बघा, आणि मग एकतिसावं बघा.”

सतरावं होतं, ‘मला माझे काम मनापासून आवडते.’ एकतिसावं, ‘संधी मिळाल्यास मी हे काम आजच सोडेन.’ दोन्हींपुढे ‘पूर्ण सहमत’. एकाच्या नाही, जवळजवळ सगळ्यांच्या.

ही उलटसुलट विधानं मीच मुद्दाम घातलेली होती. माणूस वाचून खुणा करतोय की नुसता करत सुटलाय, हे कळावं म्हणून.

“अशा प्रश्नावल्या बाद करायच्या,” मी म्हटलं. पुस्तकात तसंच दिलेलं आहे.

“बाद केल्या तर अख्खी शाळाच बाद होते.” तिने गठ्ठा माझ्याकडे सरकवला. “आणि बाकीच्या शाळांच्या बरोबर आल्या, त्या कशावरून बरोबर?”

त्या आठवड्यात महाविद्यालयात तपासणी समिती येणार होती. माझ्यापुढे फायलींचा ढीग होता आणि मला कुणी काही नवीन विचारू नये एवढीच इच्छा होती. पण ती तशीच बसून राहिली. “एकदा तुम्ही चला ना माझ्यासोबत,” म्हणाली. समिती येऊन गेल्यावर एका शनिवारी आम्ही दोघी बसने लोणीला गेलो.

मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. आम्हाला त्यांनी स्वतःच्या खोलीत बसवलं, चहा मागवला. प्रश्नावल्यांचा विषय काढल्यावर त्यांनी काहीच लपवलं नाही. “मीटिंग संपता संपता वाटल्या. सगळ्यांना घरी जायची घाई. म्हटलं, पाच मिनिटांत भरा आणि द्या.” मग काळजीच्या स्वरात म्हणाले, “काही चुकलं का? परत भरून देऊ का?”

‘माझ्या कामात मला पुरेशी स्वायत्तता आहे’ या विधानाबद्दल माझ्या विद्यार्थिनीने तिथल्या एका तरुण शिक्षकाला विचारलं. तो हसला. “स्वायत्तता म्हणजे नक्की काय, ते आम्ही सरांनाच विचारलं. सर म्हणाले, सहमत करा.”

आम्ही निघालो तेव्हा शाळेतल्या सर्वांत ज्येष्ठ बाई फाटकापर्यंत आल्या. त्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही पूर्वी आला होता ना इथं? खांद्याला मोठी पिशवी होती, असं आठवतंय. उन्हाचं आला होता.”

मी खरंच आले होते, आणि विसरूनही गेले होते. माझ्या स्वतःच्या पीएच.डी.साठी. ती शाळा माझ्या यादीतली होती. मी एका सकाळी प्रश्नावल्या देऊन गेले होते आणि चार दिवसांनी येऊन भरलेल्या घेऊन गेले होते.

“तवा मीच भरल्या होत्या सगळ्या,” बाई म्हणाल्या.

“सगळ्या?”

“निम्मे जण निवडणुकीच्या कामाला गेलेले, दोघी बाळंतपणाच्या रजेवर. तुम्ही शुक्रवारी येणार म्हणून सांगितलेलं. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुमचं अक्षर बरं हाय, तुम्हीच करून टाका. मी दोन संध्याकाळी बसले, तीन पेनं घेतली, वेगवेगळी. दोन-तीन कागदांवर डाव्या हातानं खुणा केल्या, एकसारखं दिसायला नको म्हणून. पण हयगय नाही केली हां. नीट वाचून भरल्या. ह्या बाईंना काय वाटंल, त्या सरांना काय वाटंल, असा विचार करून.”

बाईंना माझा चेहरा दिसला असावा.

“रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?” त्या म्हणाल्या. “एवढ्या लांबून आलेलं माणूस.”

त्यांच्या बोलण्यात अपराधीपणा नव्हता. असायचं काही कारणही नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. मी त्यांना नावानेही ओळखत नव्हते. परतीच्या बसमध्ये हडपसर आल्यावर विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, त्यांनी तरी वाचून भरल्या.”

घरी येऊन मी माझा प्रबंध कपाटातून काढला. ऋणनिर्देशात त्या शाळेचे ‘उत्स्फूर्त सहकार्याबद्दल’ आभार मानलेले होते. मग विश्वसनीयतेचं प्रकरण काढलं. शिक्षकांची उत्तरं एकमेकांशी किती छान जुळतात, यावर मी चार पानं लिहिली होती. लोणीच्या प्रश्नावल्या तर विशेष सुसंगत म्हणून उल्लेखलेल्या होत्या. बाकीच्या शाळांतही अशा कुणी बाई असतील का, हे कळायला आता काही मार्ग नव्हता.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. “मग काय, पदवी परत करणार?” त्याने विचारलं. जरा वेळाने त्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि चहा करून आणला.

सोमवारी मी आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुखांना भेटले. म्हटलं, ही प्रश्नावली यादीतून काढून टाकू या.

“अहो मॅडम, प्रमाणित साधन आहे ते. विश्वसनीयता बघा किती उत्तम आहे.”

“उत्तम असणारच. एकाच बाईंनी भरल्यात.”

त्यांना आधी मी थट्टा करतेय असं वाटलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं. “हे बघा, आत्तापर्यंत कितीजणांनी वापरलंय ते साधन. त्या सगळ्यांचे प्रबंध उघडायचे का आपण? आणि एका शाळेवरून सगळंच चूक, असा निष्कर्ष काढणं हेही पद्धतीला धरून नाही.” शेवटचं वाक्य बरोबर होतं, त्यामुळे मला आणखीच थकवा आला.

विद्यार्थिनीने मात्र माझी वाट पाहिली नाही. तिने लोणीला एकटीने जायला सुरुवात केली. शाळा सुटल्यावर एकेका शिक्षकाबरोबर बसायची, प्रश्नावली बाजूला ठेवायची आणि ऐकायची. ज्येष्ठ बाईंनी तिला सांगितलं की त्यांना काम आवडतं आणि सोडावंसंही वाटतं, बऱ्याचदा एकाच दिवशी. म्हणजे ज्या दोन खुणा मी बाद ठरवत होते, त्या काही जणांच्या बाबतीत खऱ्या असू शकत होत्या. मी तयार केलेल्या सापळ्यात खरं बोलणारी माणसंही अडकत होती. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी एकतिसावं विधान पुन्हा काढून वाचलं.

प्रगती समितीपुढे तिने ही बारा संभाषणं मांडली. एक सदस्य म्हणाले, “फक्त बारा? एवढ्यावरून काय सिद्ध होणार?” दुसऱ्यांना कोष्टकं हवी होती. मी तिच्या बाजूने बोलले, पण जेवढं बोलायला हवं होतं तेवढं नाही. माझ्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि प्रमुख माझ्याकडेच बघत होते. शेवटी तडजोड झाली. जुन्या प्रश्नावल्या राहिल्या, कोष्टकं राहिली, आणि संभाषणांवरचं अख्खं प्रकरण ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या मथळ्याखाली दीड पानात आलं. मार्गदर्शक म्हणून मी त्यावर सही केली.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच दीड पान उघडलं. “हे कुणी लिहिलं?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “मी.” “बाकीच्या प्रबंधापेक्षा हे चांगलं आहे,” ते म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तिला पदवी मिळाली. बाहेर पेढे वाटताना ती हसत होती, पण मला पेढा देताना म्हणाली, “मॅडम, ते प्रकरण मी ठेवलंय माझ्याजवळ. पूर्ण.”

आता ती चंद्रपूरकडेच, तिच्या गावाजवळच्या एका महाविद्यालयात शिकवते. परवानगी मागणारी पत्रं मला अजून येतात. मी प्रत्येकाला उत्तरात लोणीची हकिकत कळवते, बाईंचा उल्लेख न करता. बहुतेकजण पुन्हा लिहीत नाहीत. एका मुलाने मात्र लिहिलं होतं, ‘आपण प्रांजळपणे कळवल्याबद्दल आभारी आहे, परंतु माझा आराखडा मंजूर झालेला असल्याने आता बदल शक्य नाही.’ मी त्याला परवानगी दिली.