शिवरुद्रअप्पांची काशीची वही

मानवतच्या कापड दुकानात बसून शिवरुद्रअप्पांनी अख्खी काशी वहीत उतरवली होती. गिऱ्हाईक नसलं की वाचनालयाचं पुस्तक उघडायचं आणि त्या नगरीबद्दल कुणी काय लिहिलंय ते टिपायचं, असा चाळीस वर्षांचा नाद. जुन्या पोथीवाल्याला ती सोन्याची दिसली. कुण्या गोऱ्या प्रवाशानं घाटाच्या पायऱ्या मोजल्या आणि गल्ल्यांना नाक मुरडलं. अलीकडच्या एका बाईनं तर तिथल्या माकडांवरच चार पानं खर्ची घातली. अप्पांच्या बायकोला, उमादेवीला, ती माकडं फार आवडायची. तिला अक्षरओळख नव्हती. दुपारी अप्पा वाचायचे, ती सुपारी कातरत ऐकायची.

पण नुसतं ऐकून तिचं भागत नव्हतं. तिची सासू काशीतच वारली होती. उमादेवीला तेव्हा दिवस गेलेले, म्हणून अप्पा एकटेच आईला घेऊन गेले. “मठाच्या जागेत समाधी दिली,” असं परत येऊन सांगितलं. लिंगायताचं माणूस बसवून पुरतात, त्याच्या गळ्यातलं लिंग त्याच्याच तळहातावर ठेवून. त्या समाधीवर एकदा बेल वाहायचा, एवढंच उमादेवीचं मागणं. अप्पांचं उत्तर ठरलेलं, “पुढच्या साली बघू.” कधी हंगाम आडवा यायचा, कधी त्यांची कंबर. ती कंबर लग्नसराईत मात्र कधी दुखली नाही.

आता पुढचं साल उरलं नव्हतं. परभणीच्या डॉक्टरांनी उमादेवीला घरी न्या म्हटलं होतं. पाय सुजून खांबासारखे झालेले. उशाशी पडलेली वही चाचपताना तिच्या बोटांना मधली पानं जाड लागली. अक्षर नसलं तरी टाका तिला कळायचा. जन्मभर तिनं दुकानातली झबली शिवली होती.

“आवो, ही पानं कुणी शिवली? लय वाकडा टाका हाय. तुमचाच.”

अप्पा वही काढून घ्यायला गेले. तिनं सोडली नाही.

“काय लिवलंय यात?”

“घाण लिवलीय. तुला नको.”

“मी मरायलेय, आन् मला घाणीचं भ्या घालता? उसवा.”

अप्पांनी कात्री आणली. ती त्यांच्याकडून घेऊन तिनंच दोरा उसवला. पोथीवाल्यापासून त्या बाईपर्यंत सगळ्यांनी इथं एकच गोष्ट लिहिली होती. घाटावरच्या चिता, रांगेनं ठेवलेल्या तिरड्या, धूर. अप्पा दोन ओळी वाचून थांबले.

“आईला जाळली, उमा. धर्मशाळेवाल्यांनी बांधून उचलली बी. मला त्यांची भाषा येईना, अंगात ताप. ‘आमच्यात जाळत न्हाईत’ एवढं सुदिक तोंडातून निघालं न्हाई. समाधी न्हाई तिथं. काईच न्हाई.”

उमादेवी रडली नाही. आढ्याकडे बघत म्हणाली, “पन्नास वर्सं उत्तरेकडं तोंड करून हात जोडले मी. धुराला?”

अप्पा उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

“आन् आत्याबाईच्या गळ्यातलं लिंग?”

कपाटाच्या तळातून अप्पांनी रेशमाची पुरचुंडी काढली. तेवढं त्यांनी तिरडीवरून काढून घेतलं होतं. उमादेवीनं ती मुठीत धरली.

“मला बसवताल तवा एका हातावर माझं ठिवा, दुसऱ्यावर हे. बेल मीच घालते त्यांना.”

सोमवारी तिला बसवली. खड्ड्यात वाकून विधी करणाऱ्या स्वामींनी विचारलं, “अप्पा, हे दुसरं कुणाचं?”

सगळी भावकी काठावर उभी होती. अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“माझ्या आईचं. आमच्यात जाळत न्हाईत, स्वामी. मी जाळू दिली.”