पवईच्या काठाने मोहनमाळ शोधताना

लग्नानंतरची माझी पहिली गौर. आम्ही तेव्हा कांजूरमार्गला चाळीत राहायचो. सासूबाईंनी तेरड्याच्या जुडीला मुखवटा बांधला, माझ्या लग्नातला हिरवा खण गुंडाळला आणि माझ्या आईने दिलेली मोहनमाळ गौरीच्या गळ्यात घातली. पवई तलावात विसर्जन करून घरी आलो आणि सहज माझा हात गळ्याकडे गेला. अगं बाई! विसर्जनाआधी गौरीची माळ मी काढून घेतली असं सासूबाईंना वाटलं, त्यांनी काढली असं मला. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आईला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

सासूबाई मालवणच्या, रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. उजाडताच म्हणाल्या, "चल गो, तळ्याक फेरी मारूया. खंयतरी काठाक लागली असतली."

मला वाटलं, या बाईचं डोकं फिरलंय. तलाव केवढा, माळ केवढी! तरी तणतणत निघाले.

रस्त्याकडचा काठ सोपा होता. मागच्या बाजूला मात्र नुसता चिखल आणि झुडपं. तिथे जे दिसलं, त्याने मी जागीच थिजले. सोंड तुटलेले, तोंड विरघळलेले गणपती काठाला उताणे पडले होते. यांच्यापुढेच काल आम्ही हात जोडले होते. सासूबाई मात्र एकेक गौर उलटून बघत पुढे चालल्या होत्या.

फेरी संपत आली, तेव्हा जलपर्णीत हिरवा खण दिसला. मी "आई, मगरी आहेत!" म्हणून ओरडले, पण त्या कंबरभर पाण्यात शिरल्यासुद्धा. गौर काठाला आणली. माळ गळ्यातच होती! मी झडप घातली.

"थांब! रिकाम्या हातान काढू नको. माहेरवाशीण ती. बोडकी धाडतलंय काय मी तिका?"

आणि त्यांनी कानांतल्या कुड्या काढून गौरीच्या खणाला घट्ट अडकवल्या. गिरणीच्या संपात बाकी सगळं सोनं गेलं होतं, राहिल्या होत्या त्या एवढ्याच. माळ माझ्या हातात देऊन त्यांनी गौर पुन्हा खोल पाण्यात लोटली. घरी सासऱ्यांना एवढंच म्हणाल्या, "कुड्यो तळ्यात पडल्यो."

पुढे त्यांच्या कानांत कडुलिंबाच्या काड्याच असायच्या. एकदा माझी आई आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "सासूबाई कानात सोन्याचं काहीच कसं घालत नाहीत गं?" तेव्हा मोहनमाळ माझ्या गळ्यात होती. मी पदर ओढून ती झाकून घेतली.