पांढऱ्या भुवईची आक्का

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचत आले, निव्वळ करमणूक म्हणून. चकवा, अंगात येणं, मेलेल्या माणसाची हाक... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास बसला नाही. आमच्या गाडीला लिंबू-मिरची बांधण्यावरून सासूबाईंशी माझे चांगले वाद झालेत. तरीही हे लिहायला बसले, कारण गेल्या उन्हाळ्यापासून ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाहीये.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करते. कोल्हापुरात राहून समुद्रपक्षी? हा प्रश्न मला रिक्षावाल्यापासून सगळे विचारतात. कोकण किनाऱ्यासमोर एक खडकाळ बेट आहे (नाव देत नाही, लोक जाऊन पक्ष्यांना त्रास देतात). तिथे दर उन्हाळ्यात सुरय पक्षी विणीसाठी येतात. काळपट पाठ, पांढरं पोट, डोळ्यावर पांढरी भुवई. कपारीत एकच अंडं घालायचं, पिल्लू वाढवायचं आणि मग परत समुद्रावर निघून जायचं. आमचे सर तरुण होते तेव्हापासून या पक्ष्यांच्या पायात ओळखीसाठी नंबर कोरलेल्या कड्या घातल्या जाताहेत. कोण परत आलं, कोणाचं पिल्लू जगलं, वय झाल्यावर पक्ष्यांचं काय होतं... हे शोधायला एका माणसाची नोकरी पुरत नाही. सर निवृत्त झाले, आता मी आणि माझी सहकारी रेश्मा ते काम करतो. उन्हाळ्यात काही आठवडे बेटावर, बाकी वर्ष मी घरी लॅपटॉपसमोर.

तिथली सगळ्यात म्हातारी मादी म्हणजे आक्का. हे नाव मीच ठेवलं. तिच्या पायात सरांनी कडी घातली तेव्हा मी शाळेत होते! बेटाच्या उत्तरेला एका चपट्या दगडाखाली तिची ठरलेली जागा. पण गेली काही वर्षं तिची पिल्लं जगत नव्हती, मग अंडंही दिसेना, आणि नंतर तीच दिसेनाशी झाली. लागोपाठ दोन उन्हाळे पक्षी आला नाही की आम्ही तो मेला असं धरतो. गेल्या मे महिन्यात मी आक्कालाही मेली असं धरलं. वाईट वाटलं, पण काम म्हणजे काम.

त्याच वेळी नेसरीहून मामा आले. माझ्या आईचे थोरले भाऊ, ऐंशीच्या घरातले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कोल्हापुरात ऑपरेशन करायचं ठरलं होतं म्हणून मी बेटावरचं काम रेश्मावर सोपवून घरी परतले. नेमकी मामांची साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. मग मामा आमच्याकडेच राहिले. कळंब्याच्या बाजूला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. सकाळपासून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. दिसायचं जवळपास काही नाही. चहात घालायची साखर बशीत पडायची, आणि माझा नवरा विनायक समोर उभा राहिला तरी "कोण पावणं?" म्हणून विचारायचे.

एक दिवस मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा म्हणाले, "सुमे, हे पाखरू कुणाचं गं?"

"कुठलं, मामा?"

"हे की, कठड्यावर बसलंय. पांढरी भुवई हाय बघ त्येला. पायात वाळं पण हाय."

कठडा रिकामा होता. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला...

मी स्वतःला समजावलं. मी फोनवर मोठ्यानं बोलते, मामांनी ऐकलं असेल. विनायकनं डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, नजर फार कमी झाली की काही जणांना नसलेल्या गोष्टी दिसतात, काळजीचं कारण नाही. पटलं. पण ते पाखरू रोज यायला लागलं. "आलती आज पण," मामा जेवताना सांगायचे, जशी काही शेजारीण येऊन गेली. मी शेजारी खुर्ची टाकून बसले की येत नसे. उठून आत गेले की आतून मामांचं बोलणं ऐकू यायचं, "बस की जरा. लांबनं आलीस."

माझं कामात लक्ष लागेना. चहा गार व्हायचा, उगाच गॅलरीत चकरा व्हायच्या. शेवटी न राहवून मी विचारलं, "मामा, दिसायला नेमकी कशी आहे ती?"

"त्या दिवशी सांगितली तशीच की. आन् उजव्या पायाचं मधलं बोट न्हाय. तुटलंय. बोटांच्या मधलं कातडं पण फाटलंय."

मी लगेच लॅपटॉप उघडून आक्काचे सगळे फोटो मोठे करून पाहिले. दोन्ही पाय धड! इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू... म्हणजे ही आक्का नव्हे, मामांच्या डोळ्यांचा खेळ आहे. आणि आपण शिकलेली बाई, फोटो उघडून हे तपासत बसलो याचं हसूही आलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, गॅलरीतून काठी आपटल्याचा आवाज आला. मी धावले. मामा कठडा धरून उभे होते.

"पाणी येतंय तिथं! पिल्लू खाली हाय!"

"कुठे मामा? कसलं पिल्लू?"

"खालच्या अंगाला. दगड फुटल्यागत चीर हाय, वर गंजकी साखळी लटकतीया... अगं जा की कुणीतरी!"

बेटाच्या दक्षिण टोकाला अशी साखळी आहे. पूर्वी होड्या बांधायला कुणीतरी ठोकलेली. ती बाजू पाण्याच्या अगदी लगत असल्यानं तिथे एकही सुरय घरटं करत नाही, म्हणून आम्ही तिकडे जातही नाही. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही. त्या साखळीचा विषय मी घरात कधी काढल्याचं मला तरी आठवत नाही. आणि मामांनी तर आयुष्यात समुद्रच पाहिलेला नाही.

रेश्माला फोन केला, ती किनाऱ्यावर परतली होती. ती म्हणाली, "ताई, वारं सुटलंय. उद्या सकाळी होडीवाले शेवटची फेरी मारतो म्हणताहेत, मग पावसानंतरच." मी बॅग भरायला घेतली. विनायक दारात उभा राहिला. "साखर आत्ता कुठे उतरलीय, परवा ऑपरेशन आहे त्यांचं. भासापायी चाललीस?" त्याचं चूक नव्हतं. उत्तर मामांनी दिलं, "जाऊ दे की तिला. डोळं माझं हाईत, मी बघतो माझं."

गगनबावड्याच्या घाटात धुकं होतं. गाडी चालवताना दोनदा वाटलं, परत फिरावं. तिथे काही नसलं तर रेश्माला काय सांगायचं? आणि असलं तर?

सकाळी आम्हा दोघींना घेऊन होडी बेटाला लागली ती कशीबशी. मी थेट दक्षिणेकडे निघाले. रेश्मा मागून ओरडत होती, "ताई, तिकडे काय आहे?" साखळी होती. तिच्याखाली, खडक फुटून झालेली चीर. मी पोटावर आडवी झाले आणि टॉर्च आत मारला.

आक्का बसली होती.

कडीवरचा नंबर झिजला होता, पण वाचता आला. रेश्मानंही वाचला. ती काही बोलायच्या आत आक्का उठून पुढे आली, आम्हाला हुसकायला, आणि मला तिचा उजवा पाय दिसला. मधलं बोट नव्हतं. जखम भरलेली होती. तिच्या मागे राखाडी पिसांचं एक पिल्लू, भिजलेलं. आमच्या समोरच एक लाट आत शिरली आणि पिल्लू तरंगलं.

अभ्यास करणाऱ्यानं मध्ये हात घालायचा नसतो. जगलं तर जगलं, मेलं तर मेलं, आपण फक्त पाहायचं. हे मी नव्या मुलांना शिकवते. पण मी हात घातला. रेश्मानं वरच्या अंगाला दगड रचून आडोसा केला, मी पिल्लू तिथे ठेवलं. आक्का डोक्यावर घिरट्या घालत होती, मला दोन चोची मारल्या तिनं. आम्ही लांब जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं ती उतरली, इकडेतिकडे पाहिलं, आणि पिल्लू अंगाखाली घेतलं. होडी सुटली तेव्हा ती चीर पाण्यानं भरलेली आम्ही दोघींनी पाहिली.

परतीच्या वाटेवर रेश्मानं एकदाच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणाले, "सहज बघावंसं वाटलं." आमच्या हिशोबात ते घरटं मी धरलं नाही. माणसाचा हात लागलेलं यश पक्ष्याच्या खात्यावर कसं मांडणार? पिल्लू पुढे उडालं की नाही, हे आजही माहीत नाही.

मामांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी विनायकला पाहिलं आणि म्हणाले, "जावई, टक्कल पडलं की तुम्हाला!" घर हसलं. गॅलरीतलं पाखरू मात्र त्यानंतर आलं नाही. मामांनीही विषय काढला नाही.

नेसरीला जायच्या दिवशी मीच लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. बेटावर काढलेला आक्काचा नवा फोटो. "मामा, हीच का?"

त्यांनी चष्मा सारखा केला. स्क्रीनला नाक लावून पाहिलं.

"भुवई तीच. पाय पण तसाच. पर ही न्हवं गं."

"का?"

"ही म्हातारी हाय. माझ्याकडं यायची ती तरणी हुती."

वाचकहो, सुरय पक्षी मोठा झाला की पाच वर्षांचा आणि पंचवीस वर्षांचा सारखाच दिसतो. मी इतकी वर्षं यांच्यात काढली, पण पायातली कडी झाकली तर मला त्यांचं वय सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. मामांना विचारलं, "कशावरून ओळखलंत?" ते पिशवीची गाठ मारत म्हणाले, "दिसतंय की," आणि एसटी चुकेल म्हणून घाई करायला लागले.

योगायोग हा शब्द मी स्वतः पुष्कळदा वापरून पाहिला. त्यात साखळी बसते तर बोट बसत नाही, बोट बसवलं तर मामांचं ते शेवटचं बोलणं बाहेर राहतं. आता पुन्हा उन्हाळा जवळ आलाय, बेटावर जायची तयारी सुरू आहे. आक्का येईल की नाही याची धाकधूक आहेच... पण खरं सांगू? गॅलरीत कपडे वाळत घालताना मी आजकाल कठड्याकडे पाठ करून उभी राहते.