अर्धं बोट

वैजापूरच्या आमच्या शिंप्याला माझ्या पायांची गोष्ट माझ्याआधी ठाऊक होती. आठवीपासून तो माझ्या पँटचा डावा पाय अर्धं बोट आखूड बेतायचा. मला कधी बोलला नाही. दोन्ही पाय बुटावर सारखेच पडायचे, त्यामुळं मलाही कधी शंका आली नाही.

कळलं ते तिशी ओलांडल्यावर, सायकलमुळं. मी वाळूजला एका कारखान्यात पार्ट तपासतो. केसाहून बारीक फरक पकडायचा, हे माझं काम. घराण्यातला पहिला इंजिनिअर आहे आणि ते मी लपवत नाही. त्या हिवाळ्यात एका राइडला नाव दिलं होतं : शहरातल्या क्रांती चौकातून येवला आणि परत, दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांच्या आत. घरी, कारखान्यात, सगळ्यांना सांगून बसलो होतो.

डाव्या खुब्यात चमक यायची, पण मी ती मोजत नव्हतो. एका रविवारी माझ्या मागं सायकल चालवणारा सोबती ओरडला, "अय भौ, तुझं सीट हालतंय का तूच हालतोय?"

"सीट," मी म्हणालो.

सीट पक्कं होतं. दर पायडलला माझीच कंबर डावीकडं झुकत होती.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी आडवं झोपवलं, कंबरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावला, दोन्ही बाजूंनी, दोनदा. "डावा आठ मिलिमीटर कमी आहे. हाडातच. पँट एका बाजूला लोळत असेल ना?"

"नाही. आमचा शिंपी..." एवढं बोललो आणि पँटच्या डाव्या पायाकडं बघितलं.

सायकलच्या बुटाच्या तळाला एक क्लीट असते, ती पायडलमध्ये अडकते. तिच्याखाली घालायला बाईंनी चकत्या आणायला सांगितल्या, एकेक दोन मिलिमीटरची. "आत्ता एकच घाला. दुसरी मी सांगेन तेव्हा. तुमच्या कंबरेनं इतक्या वर्षांत स्वतःची सोय लावून घेतलीय, तिला वेळ द्या. आणि दुखत असताना दामटू नका, नाहीतर सायकल कायमची टांगून ठेवावी लागेल."

मी मान हलवली. खोलीवर येऊन हिशेब केला : आठ कमी, तर आठ भरायचे. कारखान्यात मशीनचा एक पाय खाली असला की पत्री सरकवतो, लेव्हल बघतो, संपलं. मशीनला सवय आहे का, असं कुणी विचारत नाही. राइड बारा दिवसांवर होती. लांब स्क्रू हुडकले आणि चारही चकत्या एकदम घातल्या. पहिले चार दिवस तर मला वाटलं, बाईंपेक्षा मलाच जास्त कळतं.

राइडच्या दिवशी लासूरच्या पुढं खुबा धरला. आधी चमक, मग नुसता दगड. पायडलमधून बूट सोडवायला टाच बाहेर वळवावी लागते. ती वळेना. मागून कांद्याचा ट्रक भोंगा वाजवत आलेला, पुढं खड्डा, आणि माझा डावा पाय सायकलीला बांधल्यासारखा. उजवा सोडवला, मातीत टेकला, कसाबसा थांबलो. ट्रक कोपरापासून हातभर अंतरानं गेला. तरी परत चढलो.

वैजापूरला रस्त्याच्या कडेला माझे वडील, अण्णा, भाकरी बांधून उभे होते.

"उतर की."

"उतरतोय."

उतरता येत नव्हतं. अण्णांनी सायकल खांद्याला टेकवली, वाकून माझी टाच दोन्ही हातांनी फिरवली. खट आवाज आला आणि मी दगडावर बसलो. त्यांनी बूट काढून उलटा केला.

"हे काय ठोकलंय?"

"चकत्या. डावा पाय आखूडय माझा."

"ते ठावं हाय. शिंप्याला मीच सांगितलं व्हतं. पोरं चिडवत्याल म्हणून." बोटानं त्यांनी चकत्या मोजल्या. "चार. डॉक्टरनं किती सांगितल्या?"

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"किती?"

"एक."

अण्णा हसले नाहीत. "कुदळीच्या दांड्याला पाचर मारताना बघितलंय न्हवं? एकदम ठोकली की लाकूड फुटतं. जराशी मारायची, दोन दिस राबायचं, मग आणखी जराशी. एवढा शिकलास आन् चारी एकदम ठोकल्या व्हय?"

"मशीनला चालतं, अण्णा."

"मग मशीनलाच बसव की सायकलीवर."

तिथंच बसून तीन चकत्या काढल्या. छोटे स्क्रू जवळ होते, ते लावले. रस्त्याच्या कडेनं एक चक्कर मारली. बूट ठीक होता, खुबा नव्हता. वेळ भरपूर शिल्लक होती. येवला पुढं पस्तीसेक किलोमीटर, मग तेवढंच मागं आणि वर शहरापर्यंतचं. कारखान्यातले चेहरे डोळ्यांपुढं आले. बाईंचं 'कायमची' हे कानात होतं. अण्णा भाकरीचं फडकं सोडत बसले.

मी राइडवाल्यांना फोन लावला. "वैजापूरला सोडतोय."

"पंक्चर का?"

हो म्हणणं सोपं होतं. पंक्चरला कुणी हसत नाही.

"नाही. चकत्या चुकीच्या भरल्या. मीच."

अण्णा सायकल ढकलत पुढं निघाले, मी एक बूट हातात घेऊन मागं लंगडत.

दोन महिने सायकलीला हात लावला नाही. सुरुवात पुन्हा एका चकतीनं केली. दुसरी बाईंनी मापून, चालवून बघून मग घालू दिली. त्या दोन चकत्यांवर मी यंदा क्रांती चौकातून वैजापूरच्या घरापर्यंत आलो, एकेरी, सावकाश. दारात डावी टाच आधी फिरवून पाहिली. सुटली.

त्याच दिवशी पँट शिवायला टाकली. शिंपी टेप घेऊन वाकला, तेव्हा मीच म्हणालो, "काका, डावा अर्धं बोट कमी."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "आता सांगतोय व्हय मला!"