पहूरच्या स्टँडवर आबांची इटली

आबा गेल्याची बातमी धुळ्यात शेजाऱ्यांच्या फोनवर आली. चुलतभाऊ हुंदके देत बोलत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र आबा धावत होते... अधू पायानं, धोतराचा सोगा हातात धरून, आमच्या गावच्या, पहूरच्या एसटी स्टँडवरून! आता महिना उलटला, तरी आजोबा म्हटलं की मला तेच धावणं दिसतं.

आबा ऐन विशीत फौजेत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात थेट इटलीच्या डोंगरांत लढायला गेले. नदी ओलांडताना मांडीत गोळी लागली, जोडीदार पाण्यातच राहिला. एवढं आम्हाला ठाऊक होतं, तेही आजीकडून. आबांना विचारलं तर "लई थंडी होती" म्हणत आणि गोठ्याकडे निघून जात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आले होते. आबांबरोबर बाजार करून स्टँडवर उभी होते, तेवढ्यात अजिंठ्याहून आलेली एक टॅक्सी स्टँडवरच्या हॉटेलसमोर करकचून थांबली. मागच्या सीटवर एक वयस्क परदेशी गृहस्थ मान टाकून पडलेला, घामानं निथळत. त्याची बायको खाली उतरून एकच शब्द ओरडत होती. "यांले इंग्रजीबी येत नाही," ड्रायव्हर हात जोडून सांगत होता. कुणी पाणी शिंपडलं, कुणी कांदा हुंगवला, मी इंग्रजीत विचारून पाहिलं... बाई आणखीच रडायला लागली.

आबांनी माझ्या हातात पिशवी कोंबली. "त्सुक्केरो! अवं, साखर मांगू राह्यली ती!"

हॉटेलात शिरून त्यांनी मालकाला न विचारताच बरणी उचलली, पेलाभर पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि धावत सुटले! त्या माणसाला टेकवून बसवलं, घोट घोट पाजू लागले. हळूहळू त्यानं डोळे उघडले, बायकोला हाक मारली, आणि अख्ख्या स्टँडनं टाळ्या वाजवल्या! मागाहून डॉक्टर आले. म्हणाले, मधुमेहाचं औषध घेतलं, पण जेवण राहिलं. साखर फार उतरली होती.

बाईनं आबांचे दोन्ही हात धरले. आबांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं. "सोल्दातो... इंदियानो." हिंदुस्थानी शिपाई, एवढं मलाही कळलं. ती बाई बघतच राहिली. मग जमिनीपासून दोन हात उंचीवर पंजा धरून तिनं स्वतःकडे बोट केलं. म्हणजे, "तेव्हा मी एवढीशी होते!" आणि भर स्टँडवर आबांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आबांना लाजून कुठे बघावं कळेना.

घरी चालत येताना ते आपणहून बोलायला लागले. "आमच्या फौजेच्या लंगरापाशी, जेवणाच्या तंबूपाशी, तिथली पोरं डबे घेऊन उभी राहायची. त्सुक्केरो, त्सुक्केरो करायची. मी माझ्या वाट्याची साखर देऊन टाकायचो. एक दिवस त्या गावावर तोफेचे गोळे पडले... दुसऱ्या दिवशी रांगेत कोणीच नव्हतं."

मग थांबून ते माझ्याकडे वळले. "आज त्याच शब्दानं माणूस वाचला, पोरी!" चेहरा असा फुलला होता, जणू फौजेतून ते आजच घरी आले होते.

त्यानंतर दर हिवाळ्यात आबा इस्त्रीचा कोट घालून स्टँडवर जायला लागले. परदेशी पाहुण्यांची गाडी दिसली की खिडकीशी वाकून विचारायचे, "इतालिया?" बहुतेक माना नकारार्थी हलत. आबा तरीही कडक सॅल्यूट ठोकत.

मागच्या आठवड्यात मी पहूरला गेले, तर हॉटेलमालकानं मला चहाला थांबवलं. म्हणाला, "बाहेरदेशच्या पाहुण्यांची गाडी थांबली का आता मीच जातो, ताई. भाषा मले येत नाही... सॅल्यूट करतो."